नावाड्याची मुलगी

वादात हरले की व्यासराजरावांना भूक लागायची. आणि हरायचे तर ते रोजच! त्यामुळे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात कंपनीची बस पोचली, की कँटीनमधली पहिली इडली त्यांच्या ताटलीत पडायची. समोर कृष्णाजी नुसते कॉफीचे घोट घेत बसायचे, मिशीतल्या मिशीत हसत. अशी दोघांची वर्षानुवर्षं गेली. वाद कशावर म्हणाल, तर पगारवाढीवर नाही, क्रिकेटवर नाही, राजकारणावर तर मुळीच नाही. आफ्रिकेतला सगळ्यांत थोर कादंबरीकार कोण, एवढ्या एकाच गोष्टीवर!

हसू नका. माणसं कशावरून भांडतील याला कधी धरबंध असतो का? पुण्याकडे म्हणे आमटीत गूळ किती यावरून सोयरिकी मोडल्यात.

दोघेही तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीकाळी राजांबरोबर खाली आले आणि इथलेच होऊन बसले. घरात मराठी, दारात तमिळ, कामावर जमेल तेवढं इंग्रजी. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकणारा माणूस जरा दचकतोच. 'आहे'च्या जागी 'अहे', 'मला'च्या जागी 'मज', आणि मधूनच 'ठीक'च्या जागी 'सेरी', नि वर 'अय्यो'ची फोडणी. राहायला दोघेही वेलचेरीत, एकाच इमारतीत. व्यासराजराव दुसऱ्या मजल्यावर, कृष्णाजी खाली. कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवायची. कृष्णाजी माल पाठवण्याच्या खात्यात, आणि व्यासराजराव तपासणीत. मापात केसाएवढा फरक दिसला की भाग बाद, मग साहेब येऊन पाया पडो. स्वभावही तसाच. कुणाचा एक पैचा उपकार नको, कुणाची वाटीभर साखर नको.

आता आफ्रिका मधेच कुठून आली? पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारातून आली. कृष्णाजी तिथं जुना टेबलफॅन घ्यायला गेले होते. पंखा एका पेटीवर ठेवलेला. विकणारा म्हणाला, दोन्ही न्या, नाहीतर काहीच नेऊ नका. पेटीत पुस्तकं होती. आफ्रिकेतून इथं शिकायला आलेला कुणी विद्यार्थी परत जाताना टाकून गेलेला. पंखा महिन्याभरात बंद पडला. पेटी मात्र जन्माला पुरली.

पेटीतली बहुतेक पुस्तकं दोनच लेखकांची निघाली. एक घानाचे, शाळामास्तर होते ते. दुसरी केनियाची बाई. नावं मी सांगणार नाही. उगाच तिकडून कुणी भांडायला आलं, तर वेलचेरीत आधीच गाड्या लावायला जागा नाही. कृष्णाजींनी वाटणी केली. "मास्तर माझे, बाई तुझी. आपापलं वाचायचं आणि दुसऱ्यास बसमधें सांगायचं. दुसऱ्याचं पुस्तक उघडायचं नाहीं."

"कां?" व्यासराजरावांनी विचारलं.

"वकील कधीं समोरच्या पक्षकाराकडे जेवायला जातो कीं?"

झाला करार. व्यासराजराव बाईंची कादंबरी सांगायचे ती अगदी तपासणीच्या अहवालासारखी. कोण आला, काय बोलला, कधी मेला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि कृष्णाजी? अहो, त्या माणसाच्या जिभेवर काय बसलं होतं देव जाणे! पूनमल्लीच्या कोंडीत बस अडकली, की त्यांचा घानाचा नावाडी नदीत होडी सोडायचा. त्या होडीत कोण कोण नाही बसलं! नवऱ्या मुलाला गावातच विसरून आलेलं वऱ्हाड बसलं, नदीशी भांडणारी, मीठ विकणारी म्हातारी बसली. मराठी न कळणारे मागच्या बाकावरचे तमिळ गडीसुद्धा माना पुढे काढून ऐकायचे. आणि नेमकं होडी भोवऱ्यात शिरायच्या वेळी कारखान्याचं फाटक यायचं.

"हं, आता सांग, थोर कोण?" कृष्णाजी उतरताना विचारायचे.

"माझ्या बाईनं हेंच एका पानांत लिहिलं असतं," व्यासराजराव म्हणायचे आणि इडलीकडे वळायचे. हरलो असं तोंडानं एकदाही म्हणाले नाहीत. पण पोट खोटं बोलत नाही.

मग व्यासराजरावांची बायको गेली. जयंती तिचं नाव. साधा ताप म्हणता म्हणता आठवड्यात होत्याचं नव्हतं झालं. पदरी कीर्तना, नुकतीच पहिलीत गेलेली. तंजावरचे नातेवाईक आले, दिवस करून गेले. कृष्णाजींच्या बायकोनं, सरोजानं, डबा पाठवला. व्यासराजरावांनी तो जसाच्या तसा परत केला. वर 'आम्ही करून घेतों' असा निरोप. काय म्हणावं या माणसाला! दुःखात माणूस मऊ होतो म्हणतात, हे आणखी टणक झाले.

स्वयंपाक जमला, कपडे जमले. अडलं कुठं, तर मुलीच्या केसांशी. इकडच्या शाळेत मुलींना दोन वेण्या लागतात, दुमडून वर बांधलेल्या, काळ्या रिबिनीच्या. त्यात सवलत नाही. ब्रेकच्या चकतीतला केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला खरे केस काही आवरेनात. फणी अडकायची, मुलगी रडायची, वेणी फाटकाशी पोचेतो सुटायची. शाळेतल्या बाई परत पाठवायच्या. बस निघून जायची. एक दिवस चुकली, दोन दिवस चुकली, मग चुकतच गेली. कंपनीनं समज दिली. व्यासराजरावांनी ठरवलं, पुरे झालं. नोकरी सोडायची, पोरीला घेऊन तंजावरला भावाकडे जायचं. पुढं तिचं शिक्षण कसं व्हायचं, तिथं तिला कुणी मायेनं जवळ घ्यायचं की नाही, याचा विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं.

राजीनामा द्यायलाच म्हणून ते एका सकाळी बसला आले. कृष्णाजींनी शेजारी जागा धरली होती. सांत्वनाचा एक शब्द नाही. बस हलली तसे म्हणाले, "मास्तरचा नावाडी ठाऊक अहे कीं? त्याची बायको मेली."

व्यासराजरावांनी मान फिरवली. कृष्णाजी सांगतच राहिले. नावाड्याला एक लहान मुलगी. तिला घरी ठेवणार कुणाकडे, म्हणून होडीत समोर बसवून न्यायचा. वाऱ्यानं तिचे केस डोळ्यांवर यायचे, ती रडायची, याला वल्हं सोडता यायचं नाही. एक दिवस ती मिठाची म्हातारी कडाडली, "अरे, एवढा दोर वळतोस, आणि पोरीचे केस वळेनात तुज?" तिनं होडीचे तीन दोर त्याच्या हातात दिले. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर, परत उजवा. ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. केस ओले करून घ्यायचे, आणि मानेपाशी पहिली गाठ घट्ट, मग पुढं सैल.

"मग?" व्यासराजराव म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"मग काय, फाटक आलं," कृष्णाजी म्हणाले.

राजीनामा खिशातच राहिला. त्या रविवारी व्यासराजरावांनी खिडकीच्या गजाला सुतळ्या बांधल्या आणि दुपारभर वळत बसले. सोमवारी कीर्तनाच्या वेण्या शाळा सुटेपर्यंत टिकल्या. बस चुकली नाही. त्यानंतर ती कधीच चुकली नाही, कारण नावाड्याची मुलगी आज पोहायला शिकली की नाही, हे कळायला बसमध्ये जावंच लागायचं. आणि रोज सकाळी केस विंचरताना कीर्तना विचारायची, "अप्पा, होडींत काल काय झालं?" कालचा भाग सांगून होईपर्यंत दोन्ही वेण्या झालेल्या असायच्या. ही सगळी वर्षं व्यासराजरावांनी मनोमन त्या घानाच्या मास्तरांना हात जोडले. बसमध्ये मात्र बाईंची बाजू कधी सोडली नाही. वकील तो वकील!

पोर मोठी झाली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. दोन हजार पंधराच्या पुरात कृष्णाजींचं खालचं घर बुडालं आणि पेटीचा लगदा झाला. पुढं दोघे निवृत्त झाले. बस गेली, पण वाद इमारतीखालच्या बाकावर येऊन बसला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या रणवीरच्या कानी पडला. हा रणवीर पुण्याचा, इथं नोकरीला आलेला, आणि सोसायटीचे कार्यक्रम त्याच्याकडे.

"काका, याचा एकदाचा निकालच लावून टाकू या ना!" तो म्हणाला. "पोंगलला ठेवतो."

पोंगल म्हणजे इकडची संक्रांत, आणि त्या दिवशी तमिळ माणसाला दोन गोष्टी लागतात, गोड पोंगल हा गुळाचा भात आणि पट्टिमंड्रम. म्हणजे जाहीर वादसभा. दोन पक्ष हिरिरीनं भांडतात, मधे नडुवर बसतो, आणि शेवटी तो निकाल देतो. इथल्या टीव्हीवर सुनेची बाजू खरी की सासूची यावर होतात, आमच्या इमारतीत आफ्रिकेवर झाली, एवढाच काय तो फरक. नडुवर म्हणून धनलक्ष्मी मॅडम ठरल्या, तमिळच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जिंकणाऱ्याच्या लेखकाची तसबीर सोसायटीच्या वाचनालयात लागणार. भिंतीवर खिळा एकच होता. आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर पोन्नाडै, ती जरीच्या काठांची मानाची शाल.

व्यासराजरावांनी हे भलतंच मनावर घेतलं. जन्मभर हरलेल्या माणसाला एकदा, एकदाच, चारचौघांत जिंकायचं होतं. ते खोलीत फेऱ्या मारत भाषण पाठ करायला लागले.

"अप्पा," कीर्तना म्हणाली, "तुम्ही मास्तरांचं पुस्तक कधीं वाचलंत कीं?"

"करार अहे."

"करार बसमधला. बस संपली."

पोरगी म्हणत होती त्यात चूक काय होतं? रणवीरनं वाचनालयासाठी दोन्ही लेखकांची पुस्तकं मागवली होती. पोंगलच्या आधी एका दुपारी व्यासराजराव मास्तरांची ती नावाड्याची कादंबरी घेऊन बाल्कनीत बसले. हातात धरल्यावर पहिलं नवल वाटलं ते तिच्या बारीकपणाचं. चहा निवायच्या आत पाव पुस्तक सरलं. नावाडी होता, नदी होती. सरकार धरण बांधतं आणि म्हातारा आपली होडी सोडत नाही, एवढीच गोष्ट. लिहिली सुरेख होती. पण वऱ्हाड कुठं होतं? मिठाची म्हातारी कुठं होती? ते वाचत गेले आणि पुस्तक संपलं. नावाडी एकटा होता. त्याला बायको नव्हती. मुलगी नव्हती.

त्यांनी पानं उलटसुलट केली. तसेच वर रणवीरकडे गेले. "ह्याचा दुसरा भाग अहे कीं?"

"नाही काका. एवढंच आहे. मीही वाचलं कालच. का हो?"

"उगीच," व्यासराजराव म्हणाले.

जिना उतरता उतरता त्यांना उमगलं. फसवलं! भर बसमध्ये बसून, डोळ्याला डोळा भिडवून फसवलं. इतकी वर्षं आपण हरलो ते मास्तरांकडून नव्हेच, बनावट मालाकडून हरलो! ज्या माणसानं आयुष्यभर खोटा भाग हातातून निसटू दिला नाही, त्याच्या घरात एवढा मोठा खोटा माल शिरला, आणि त्यानं तो देवासारखा पुजला. रागानं त्यांना जेवण गेलं नाही. त्यांनी ठरवलं, बोलायचं काही नाही. भर सभेत पुस्तक उघडायचं आणि विचारायचं, दाखव कुठं अहे ते. एका वाक्यात निकाल.

पोंगलच्या दिवशी दुपारी गाड्या बाहेर काढून खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. ऊस बांधला, दारात कोलमची रांगोळी काढली. दोनशे माणूस तरी असेल, आणि त्यांतल्या निम्म्यांना आफ्रिका म्हणजे एकच देश नव्हे हे त्या दिवशी कळलं. सभा अर्थातच तमिळमध्ये, मी इथं मराठीत सांगतोय. आधी व्यासराजराव बोलले. बाईंची बाजू त्यांनी चोख मांडली, लोकांनी मापात टाळ्या वाजवल्या. मग कृष्णाजी उठले. थकले होते बिचारे, उभं राहायला खुर्चीची पाठ धरावी लागत होती. पण नदी म्हणताच आवाज चढला. होडी सुटली, वऱ्हाड बसलं, पार्किंग हसून हसून लोळायला लागलं. आणि मग नावाड्याची बायको गेली, तशा मागच्या रांगांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"उजवा मधल्यावर," कृष्णाजी म्हणाले. त्यांनी खुर्ची सोडली होती. दोन्ही हात हवेत, बोटं तीन न दिसणारे पदर वळत होती. "डावा मधल्यावर. ओढायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं."

पुढच्या रांगेत कीर्तना बसली होती. तिचा हात नकळत आपल्या केसांकडे गेला.

"सॉरी, काका," मागून रणवीर उठला. मुलगा वाईट नव्हे, पण खरं बोलायची खाज वाईट. त्याच्या हातात तीच बारीक कादंबरी होती. "हे पुस्तकात कुठं आहे? मी वाचलंय. यात मुलगीच नाहीये."

कुजबुज झाली. कृष्णाजींचे हात हवेतच राहिले. चेहरा असा उतरला की बघवेना. बाजूला बसलेल्या सरोजानं पदर तोंडाला लावला. धनलक्ष्मी मॅडमनी चष्मा काढला आणि व्यासराजरावांकडे वळल्या. "प्रतिपक्षानं हे पुस्तक वाचलंय का? काय म्हणणं आहे?"

हेच तर हवं होतं! आयतं ताटात वाढून आलं होतं. व्यासराजराव उठले. वाक्य जिभेवर तयार होतं. पण नजर गेली ती कृष्णाजींच्या हवेतल्या बोटांवर. ती बोटं थांबली होती, तरी पदर सुटू न देता धरून होती, जसे सराईत हात धरतात. आणि व्यासराजरावांच्या मनात आलं, या माणसाला दोन मुलगेच. दोघांचेही केस न्हाव्यानं कापले. मग हे याच्या बोटांना कुठून आलं?

जिभेवरचं वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. लोकांना वाटलं, मुद्दा विसरले.

"पुस्तकांत नाहीं," ते म्हणाले. "मी वाचलं अहे. पानन् पान पाहिलं, कुठं नाहीं." कृष्णाजींनी मान खाली घातली. "पण खोटं म्हणाल तर तेंही नाहीं. मी कारखान्यांत तीस वर्षं माल तपासला. खरा भाग कोणता? जो गाडींत बसवल्यावर चालतो तो. ह्या गोष्टीवर मी माझ्या मुलीच्या वेण्या घातल्या, दहावी होईपर्यंत. एकही सुटली नाहीं. हरलों मी."

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. ते सरळ टेबलाशी गेले, पोन्नाडै उचलली आणि कृष्णाजींच्या खांद्यावर घातली. मग जागेवर येऊन बसले आणि रुमालानं डोळे पुसत राहिले, लोक बघतायत याची पर्वा न करता.

धनलक्ष्मी मॅडम मात्र मुरलेल्या नडुवर. त्या म्हणाल्या, "शाल गेली ती योग्य खांद्यावर गेली. पण तसबिरीचं वेगळं. घानाच्या मास्तरांनी जे लिहिलंच नाही, त्यासाठी त्यांना वर टांगणं हा त्यांच्यावर अन्याय. आणि त्यांनी जे लिहिलं ते या इमारतीत दोघातिघांनीच नीट वाचलंय. दोन्ही लेखकांची पुस्तकं सगळ्यांनी वाचायची. खिळा पुढच्या पोंगलपर्यंत रिकामा!" टाळ्यांनी पार्किंग दणाणलं. रणवीरनं येऊन कृष्णाजींचे पाय धरले, आणि त्यांनी त्याला पाठीत एक धपाटा घालून मोकळं केलं.

ऊन उतरल्यावर दोघे नेहमीच्या बाकावर बसले. कृष्णाजींनी अजून शाल काढली नव्हती. व्यासराजरावांच्या हातात गोड पोंगलचा द्रोण होता, आणि तो दुसरा होता.

"पुस्तक किती बारीक अहे रे," व्यासराजराव म्हणाले.

"दुसऱ्याच आठवड्यांत संपलं होतं," कृष्णाजी म्हणाले. "बस तर रोज होती."

"आणि वेणी? ती कुठं शिकलास?"

"सरोजाच्या डोक्यावर. तिनं शिकवली. केस ओढले म्हणून किती शिव्या घातल्या अहेत, विचार तिज."

व्यासराजरावांनी द्रोण बाकावर ठेवला. "मग सरळ घरीं येऊन मज शिकवायची होती कीं."

"तूं डबा परत पाठवलास, व्यासू. वेणी ठेवून घेतली असतीस?"

समोर कीर्तना रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होती. कामात अडचण नको म्हणून तिनं केसांची एक वेणी घालून पाठीवर टाकली होती.

"तरी पण," व्यासराजराव म्हणाले, "बायको मेली, म्हातारी भेटली, तें सगळं सेरी. मुलगी कशास घातलीस त्यांत? नावाड्यास मुलगी नव्हती रे."

"त्याज नव्हती," कृष्णाजी म्हणाले. "तुज होती कीं."